डाव्या बाजूचा मागचा दिवा

ऑक्टोबरचं ऊन मानेवर बसायला लागलं की मला गाडीच्या डिकीचा वास येतो. जुना गालिचा, पेट्रोल, तापलेलं रबर आणि त्या सगळ्यात मुरलेलं आंबूस खोबरं. बाकीच्या बायकांना या दिवसांत चकलीच्या भाजणीचे नाहीतर झेंडूचे वास आठवतात, मला हा. परवा सहामाहीच्या पेपरला वर्गात फेऱ्या मारत होते. खिडकीतून ती कोरडी झळ आत आली आणि मी चक्क नाक वर करून हुंगलं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू कॉपी मीच करत होते.

त्या वर्षी नवरात्र उशिरा आलं होतं. ऊन म्हणजे काय ऊन! सुकापुरातल्या नव्या इमारतींच्या मधे जी काही चिमूटभर शेतं उरली होती, त्यांत भात पिवळं पडून कापणीला आलेलं, आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. त्या ऑक्टोबरात मला काही म्हणता काही कळलं नाही. आता सगळं कळलंय असंही नाही. तेव्हा डोक्याचं जे दही झालं, ते दर वर्षी या उन्हात पुन्हा आंबतं.

आमचं घर सुकापुरातच, खांबांवर उभं. खाली मोकळ्या जागेत गाड्या, वर एकेका मजल्यावर एकेक भाऊ, आणि आम्ही सगळ्यांच्या डोक्यावर, तिसऱ्याला. सासरे कुठल्याही मजल्यावर केव्हाही उगवतात; त्यांना सगळे आबा म्हणतात. पोरंबाळं, भाचे, पाहुणे धरून जेवायला किती पानं लागतील हे कुकर लावेपर्यंत कोणाला ठाऊक नसतं. तर अशा भरल्या घरात माझ्या नवऱ्यानं, हरीनं, एक दिवस दोन सीटची स्पोर्ट्स कार आणून उभी केली. लाल, बुटकी, कधीकाळी परदेशातून आलेली. खंडाळ्याला बंगला असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची होती, ते मुलाकडे परदेशी निघाले होते. हरी द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर. दिवसभर चाळीस फुटी ट्रेलर बघणाऱ्या माणसाला हे खेळणं का आवडावं, ते त्याचं त्याला ठाऊक.

आबांनी गाडीला प्रदक्षिणा घातली. "आरं हरी, दोन शिटांची गाडी? मंग आमी काय टपावर बसू?"

हरीनं उत्तर म्हणून दिव्यांचं बटण दाबलं. पुढचे दोन दिवे बॉनेटमधून टुणकन वर आले. आबा दोन पावलं मागे सरले आणि हसत सुटले. "ही तं बेडकी हाय!" तेव्हापासून त्या गाडीचं नाव बेडकी. पनवेलच्या आरटीओत काय नोंद असेल ती असो.

दुसरी सीट माझी होती. याचा अर्थ सांगायला हवा. मी मूळची चिंचवडची. लग्न आमचं आम्ही ठरवलेलं. कॉलेजात मी त्याला 'अरे हरी' म्हणायची, पाठीत धपाटेसुद्धा घालायची. लग्न झालं आणि आबांच्या, सासूबाईंच्या, दिरांच्या देखत 'अहो' सुरू झालं. कोणी सक्ती केली नाही हं. पण दोन्ही जावा आपापल्या नवऱ्याला 'अहो' म्हणत असताना तिसरीनं 'अरे' म्हणायचं म्हणजे दुधात मिठाचा खडा. भिंती पातळ, दारं उघडी, त्यामुळे हळूहळू खोलीतसुद्धा 'अहो'च तोंडात बसलं. आणि मग ही बेडकी आली. संध्याकाळी तो गोदामातून आला की म्हणायचा, "चल." मी आत बसायची, दार ओढायची, खट् आवाज व्हायचा, आणि मी म्हणायची, "काय रे?"

आम्ही कुठं जायचो असंही नाही. उरणच्या रस्त्यानं थोडं पुढे, जुन्या मिठागरांच्या कडेनं. त्याच्या आजोबांचं तिथं मीठ पिकायचं. आता भराव, गोदामं, कुंपणं, तरी तो दर वेळी बोट दाखवून म्हणायचा, "इथं होता बघ आमचा." मी दर वेळी "हो का?" म्हणायची. टपरीवर चहा घ्यायचो, खाडीचा खारट वारा खायचो आणि घरी. बस्स. त्या अर्ध्यापाऊण तासात मी कोणाची सून नसायची, कोणाची काकू नसायची.

त्या रस्त्यावर न्हावा शेव्याच्या बंदराचे ट्रेलर एकामागून एक. म्हणून हरीला मागच्या दिव्यांचं भारी वेड. "पुढचा दिवा आपल्याला, मागचा पाठच्याला," तो म्हणायचा. "पाठच्याला तू दिसलीच नायस, तर तुझा पुढचा दिवा घेऊन काय कराचा?" दर रविवारी तो खालून हाक मारायचा, "सुनीऽ!" मी कणकेच्या हातांनी तीन जिने उतरायची आणि गाडीमागे उभी राहायची. तो ब्रेक दाबून विचारायचा, "लागला का?"

"लागला."

"दोन्ही?"

"दोन्ही! जाऊ आता? तवा तापलाय वर."

एवढ्याशासाठी तीन जिने! मी कुरकुर केली की तो म्हणायचा, "आपले मागचे दिवे आपल्याला कसे दिसतील? दुसरा माणूस लागतोच." वाद घालायला जागाच नव्हती. उतरायची मी.

आणि त्या ऑक्टोबरात, घटस्थापनेच्या दिवशी, साबुदाण्याची खिचडी खाता खाता हा माणूस म्हणाला, "गाडी विकतोय. खारघरचा एक जण हाय, दसऱ्याला घेऊन जाईल."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. घरातल्या सगळ्यांनी "बरं झालं" म्हटलं. धाकट्या जावेनं तर मोकळ्या जागेत तिची स्कूटी कुठं लागेल तेही ठरवून टाकलं. मी "अहो, पण का?" एवढंच विचारलं. "जुनी झाली." अहो, ती आली तेव्हाच जुनी होती!

मला कळेना. ज्या गाडीवर कोणी पोरानं बोट ओढलं तरी हा घरभर बोंबलायचा, ती हा हसत हसत देऊन टाकणार? आणि मग आमच्या संध्याकाळचं काय? तसं बघायला गेलं तर गणपती गेल्यापासून त्यानं मला नेलंच नव्हतं. कधी डोकं दुखतंय, कधी उशीर झाला, कधी "आज ट्रॅफिक लय हाय." पण तो स्वतः मात्र दोनचारदा बेडकी काढून एकटाच जाऊन आला होता. एकटा! मग माझ्या मनात जे यायचं ते आलंच. हसा हवं तर. एका दुपारी मी खाली जाऊन माझी सीट हुंगून आले. ती कोणी मागे सरकवली आहे का, पुढे ओढली आहे का, पट्टा कोणाच्या मापाचा केलाय, सगळं तपासलं. सीट होती तशीच होती. माझी केसांची पिनसुद्धा तिथंच, फटीत. मग तर जास्तच गोंधळ. दुसरी कोणी बसत नाही आणि मलाही बसवत नाही, तर या माणसाला हवंय तरी काय?

गाडी द्यायची तर मागचा डावा दिवा दुरुस्त करणं भाग होतं. तो कधी लागायचा, कधी नाही, आणि त्याच्या लाल काचेच्या आत पाण्याचे थेंब दिसायचे. पाऊस जाऊन किती दिवस झाले, आभाळ कोरडं ठक्क, गाडी छपराखाली, मग पाणी कुठून? त्याहून वर म्हणजे मुंग्या. भिंतीवरून, चाकावरून, बंपरवरून लाल मुंग्यांची शिस्तीत रांग, थेट दिव्याच्या आत. मी भूगोल शिकवते, मुंग्यांचा अभ्यास नाही. पण दिव्यात मुंग्यांनी जावं असं काय असतं, हे मला कोणीही सांगू शकलं नाही.

दिवा काढायचा प्रकार तसा सोपा. डिकी उघडायची, आतला गालिचा मागे ओढायचा, नट सैल करायचे, वायरींचा जोड दाबून सोडवायचा आणि आतून तळव्यानं हलकेच ढकलायचं. दिवा अख्खाच्या अख्खा बाहेर येतो. मात्र बाहेरून कोणी धरलं नाही तर सरळ फरशीवर. म्हणून मला बोलावलं होतं धरायला. हरी डिकीत अर्धा आत, फक्त पाय बाहेर, आणि आतून आवाज, "नट कुठं गेला? आत्ता इथं ठेवला होता." नट त्याच्या कोपराशेजारीच होता. मी दाखवला. पुन्हा, "पाना कुठं?" पाना मांडीशी. तिसऱ्यांदा तो चिडला, "तू वस्तू हलवू नकोस!" मी? मी तर दोन्ही हातांनी दिवा धरून ओणवी उभी होते.

मग तो बाहेर आला, घाम पुसला आणि म्हणाला, "तूच कर. तुझी बोटं बारीक हायत."

ज्या माणसानं मला कधी त्या गाडीचं बॉनेट पुसू दिलं नाही, तो म्हणाला, तूच कर. मला आनंद व्हावा की संशय यावा, काही सुधरेना. मी पाना घेतला.

दिव्याची लाल काच आणि मागचा डबा एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सोडवायला उष्णता लागते. हरी सांगत होता, मी करत होते. गच्चीवर आमच्या कुरडया वाळतात तिथं मी लोखंडी तवा ठेवला, त्यावर जुनं फडकं, त्यावर दिवा. ऑक्टोबरच्या उन्हानं निम्मं काम केलं, उरलेलं पुतणीच्या हेअर ड्रायरनं. कडेचा काळा चिकटा मऊ झाला, मी पातळ सुरी फिरवली आणि काच सुटली. आत काय होतं म्हणून सांगू! मेलेल्या मुंग्या, हिरवं पडलेलं पितळ, आणि बोटाला लागेल असा गोडसर चिकट ओशट थर. मी वास घेतला. खोबरं!

तेवढ्यात आबा गच्चीवर उगवले. "काय करतेस पोरी?"

"आबा, दिव्यात नारळाचं पाणी आहे."

"असंल ना," आबा शांतपणे म्हणाले. "आमुशेला मीच दिलाय नारल. चारी कोपऱ्याला पानी शिपडतो मी. आपले ट्रेलर होते तवापासून हाय ती पद्धत. आन् हाच कोपरा नळापाशी पडतो, तं इथं जरा जास्त पडतो."

दर अमावास्येला गाडीला दृष्ट लागू नये म्हणून आबा नारळ फोडत होते, आणि ते पाणी दिव्याच्या पोटात जात होतं. मी आणि हरी एकमेकांकडे बघून इतके हसलो की आबा रागावले. "हसा. मुंग्या येतात म्हंजी लक्ष्मी हाय घरात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच. मला वाटलं, चला, एक कोडं सुटलं. पण पाणी आत जायला वाट हवी, आणि ती होती: काचेच्या कडेला केसाएवढा तडा. "हा कशानं गेला रे?" गच्चीवर आम्ही दोघंच उरलो होतो, म्हणून 'रे' निघून गेलं. हरीचं हसू थांबलं. "जुनी गाडी हाय. जातो तडा."

त्या दिवशी संध्याकाळी दूध आणायला गेले तर फाटकाच्या खांबावर लाल रंगाचा ओरखडा दिसला. दिरांना विचारलं, पुतण्यांना विचारलं. कोणी नाही घासली. मग खांब चालत आला असेल!

नवरात्रात शाळेत आम्ही बायका ठरलेल्या रंगाच्या साड्या नेसून जातो. दर वर्षी सकाळी हरीची टिंगल ठरलेली. पिवळी नेसले की "आली पिवळी हळद," करडी नेसले की "आज शिमिटाचा दिवस." त्या वर्षी तो एक शब्द बोलला नाही. हिरव्याच्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या खुर्चीशेजारी, डाव्या हाताला, जाऊन उभी राहिले. पदर नीट केला, बांगड्या सावरल्या, काही नाही. तो समोर पेपर धरून बसलेला. शेवटी मी खाकरले तर हा केवढ्यानं दचकला! "कवा आलीस तू?" मी चांगली पाच मिनिटं तिथं उभी होते की हो! वर्गात पोरांना अक्षांश-रेखांश शिकवताना माझे डोळे भरून येत होते. मी या माणसाला दिसेनाशी झाले, असं मला वाटलं. अगदी याच शब्दांत वाटलं.

आता लिहिताना त्या शब्दांपाशी पेन थांबतं.

बल्बचा घोटाळा तर वेगळाच. त्या दिव्यात दोन तारांचा एकच बल्ब असतो. एक तार मंद, गाडी चालताना लागते; दुसरी लख्ख, ब्रेक दाबला की पेटते. बल्बच्या अंगावर दोन खुंट्या असतात, एक वर, एक जरा खाली, म्हणजे तो उलटा बसूच नये. मी होल्डर पॉलिश पेपरनं घासून लख्ख केला आणि बल्ब मात्र हरीनं हट्टानं स्वतः बसवला. दाबून, पिळून, उलटा. मंद लागायचा तेव्हा लख्ख, लख्ख लागायचा तेव्हा मंद. आयुष्यभर हेच केलेला माणूस! मी बल्ब काढून सरळ लावला. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि हातातलं फडकं उगाच पिळत राहिला.

खंडेनवमीला आमच्याकडे पाने, पक्कड, हातोडी सगळं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. त्या दिवशी हत्याराला कामाला लावायचं नाही, आबांचा कडक नियम. म्हणून अष्टमीच्या संध्याकाळी काम संपवणं भाग होतं. नवी रबराची पट्टी बसवली, तडा बुजवला, काच चिकटवली, दिवा जागी गेला, नट आवळले. मीच आवळले. दिवेलागणीची वेळ. वर घटासमोर आरतीची तयारी चाललेली, सगळी माणसं वर. खाली आम्ही दोघंच.

मी सवयीनं गाडीमागे जाऊन उभी राहिले. हरी म्हणाला, "नाय. आज तू आत बस. मी पाठी ऱ्हातो."

"मी? मला कुठं येतंय?"

"ब्रेक दाबायला काय येतंय?"

मी पहिल्यांदा त्या बाजूला बसले. केवढंसं ते स्टिअरिंग, आणि सीट इतकी खाली की आपण जमिनीवर मांडी घालून बसलोय असं वाटावं. त्यानं सांगितलं तसं मी आधी पार्किंगचे दिवे लावले. समोरच्या छोट्या आरशात मागची पांढरी भिंत अगदी फिकट लालसर झाली. भिंतीच्या आणि गाडीच्या मधे हरी उभा.

"आता दाब."

दाबला.

"लागला!" तो म्हणाला. "दोन्ही. एकदम लख्ख."

आरशात भिंत होती तशीच होती. फिकट. मला वाटलं, हा थट्टा करतोय. मग वाटलं, माझंच काम फसलं. मग खाली पाहिलं. माझा डावा पाय सगळ्यात डावीकडच्या पॅडलवर होता. मी क्लच दाबला होता.

मी उजवा पाय मधल्या पॅडलवर ठेवला आणि दाबला. भिंत भडक लाल झाली. त्याचा शर्ट, त्याचा गळा, त्याचं सगळं तोंड लाल झालं. आणि त्या तोंडावर काही म्हणजे काही हललं नाही. तो आपला हात पुसत होता. "झाला ना? बंद कर, आरती चालू होईल."

"हरी, परत एकदा बघ."

"बघितला ना."

मी पाय उचलला. "आता?"

"लागलाय ना."

मी पाय दाबला. "आता?"

त्याचे पुसणारे हात थांबले. वर झांज वाजायला लागली होती.

मी उतरून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, अगदी नाकासमोर. "किती दिवस झाले?"

"झाले," तो म्हणाला. मग हळूहळू बोलला. काचबिंदू. पनवेलच्या डॉक्टरकडे तो एकटाच जात होता. औषधाचे थेंब गोदामातल्या खणात ठेवत होता. बाजूचं गेलं ते गेलं, परत येणार नाही. समोरचं उरलंय तेवढं टिकवायचं. दिव्याभोवती सगळं धुकं दिसतं, मंद कुठला आणि लख्ख कुठला ते कळत नाही. खांबाला त्यानंच घासली होती.

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. बायकोपासून लपवतोस? मी काय परकी? मी सीट हुंगत फिरत होते रे, मूर्खासारखी! रडत होते, भांडत होते आणि खरं सांगते, एका कोपऱ्यात हायसंही वाटत होतं, आणि त्या हायसं वाटण्याची मला शिसारीही येत होती. एवढं सगळं एका वेळी एका माणसात मावतं कसं, कोण जाणे.

"मला का नेत नव्हतास मग? एकटा मात्र जात होतास!"

"एकटा होतो तवर चालवली," हरी म्हणाला. "ठोकली तरी मीच. पन तू डाव्या अंगाला बसतेस, सुनी. माझा डावाच जास्त गेलाय. तू शेजारी हायस का नाय, ते मान वळवल्याबिगर मला दिसत नाय. एकदा तुला घेऊन निघालो, आन् मला वाटला गाडीत मी एकलाच हाय. तवाच ठरवला, विकायची."

आरतीला आम्ही उशिरा पोचलो. सासूबाईंनी माझ्या हाताला लागलेला काळा चिकटा बघितला आणि हळदीकुंकवाचं ताट दुसऱ्या सुनेच्या हातात दिलं.

दसऱ्याला खारघरचा तो मुलगा हार, पेढे, मित्र घेऊन आला. बिचारा छान होता. हरी किल्ली द्यायला पुढे झाला आणि मी म्हणाले, "गाडी विकायची नाही." सगळं घर गोळा झालेलं; हरीच्या डोळ्यांचं नवमीलाच सगळ्यांना सांगून झालं होतं. आबांनी कपाळाला हात लावला. "आन् चालवणार कोन?"

"मी."

"तुला येतं?"

"नाही."

"रस्ता तरी म्हाईत हाय का तुला?" आबा म्हणाले, कारण भूगोलाच्या बाई पनवेल स्टेशनातून चुकीच्या बाजूला बाहेर पडतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पोरं हसली, तो खारघरचा मुलगाही हसला. मी हरीकडे बघितलं. तो हसत नव्हता. किल्ली त्याच्या मुठीत होती आणि ती मूठ त्यानं माझ्यासमोर धरली. मग आबांनी नारळ उचलला. मी म्हटलं, "आबा, चाकापाशी. दिव्यापाशी नको."

मी शिकले. पन्नाशीच्या बाईला शिकवताना ड्रायव्हिंग स्कूलच्या माणसानं जेवढे देव आठवले, तेवढे मला अजून नावानं माहीत नाहीत. उरण फाट्यावर गाडी बंद पाडली, मागून ट्रेलरवाल्यांनी आईबहीण उद्धारली, हरी डाव्या सीटवर शांत. आता माझ्या त्या सीटवर तो बसतो. दार ओढलं की मी अजूनही पहिलं "काय रे?" म्हणते. मागे ट्रेलर किती जवळ आहे ते तो आवाजावरून सांगतो. खारा वास आला की बोट दाखवतो, "इथं होता बघ आमचा." बहुतेक वेळा ते बोट गोदामाच्या भिंतीकडे असतं. मी म्हणते, "हो का?" डोक्यावरून विमान जातं आणि आमचं बोलणं तेवढ्यापुरतं थांबतं.

पण दोन गोष्टी मला अजून कळलेल्या नाहीत. पहिली अशी. गाडी चालवायला लागल्यावर एकदा मी मागे घेताना ब्रेक दाबला, आणि आरशात भिंत लाल झाली. मी तशीच बसून राहिले. भिंत सगळं सांगते की! दिवा लागला का, दोन्ही लागले का, उजवा मंद आहे का, आतल्या आत कळतं. हरीला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं? मग मला दर रविवारी तीन जिने कशाला उतरवत होता? विचारलं तर म्हणतो, "भिंत कवा कवा खोटा बोलते." दुसरी त्याहून अवघड. क्लचचा आवाज वेगळा, ब्रेकचा वेगळा. चाकाच्या आवाजावरून ट्रेलर ओळखणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी ते कळलं नसेल? मला आत बसायला त्यानंच सांगितलं होतं. त्याला तोंडानं सांगता येत नव्हतं, म्हणून तो खोटं "लागला" म्हणाला का? हे विचारलं तर, "नाय आठवत." मी किती तरी वेळा विचारलंय. एकदा वाटतं, असंच असणार. एकदा वाटतं, छे, माझ्याच मनाचे खेळ.

या आठवड्यात डाव्या दिव्यात पुन्हा थेंब दिसले. नारळ नाही, मुंग्या नाहीत; रबराची पट्टी म्हातारी झाली एवढंच. तवा, गच्ची, हेअर ड्रायर, सुरी, सगळं पुन्हा. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, एलईडी टाकून द्या ना. बल्बची कटकटच नको, गरमसुद्धा होत नाय." मी हो म्हणणार होते. हरी मागून म्हणाला, "नको. बल्बच पायजे." मला कळलं नाही का ते. म्हटलं, म्हाताऱ्याचा हट्ट.

काल संध्याकाळी दिवा बसवला. मी आत बसले. हरी आता समोरचंही जेमतेम बघतो. डिकीवर हात फिरवत तो मागे गेला आणि त्यानं डाव्या दिव्यावर पंजा टेकला.

"दाब."

मी ब्रेक दाबला. आरशात भिंत लाल झाली आणि त्याच्या बोटांच्या फटींतून लाल उजेड बाहेर आला.

"लागला का?"

"थांब."

थांबले. वर कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. पोटरीला कळ यायला लागली. "अरे, लागला का?"

"थांब म्हटला ना. दाबून ठेव." आणि मग जरा वेळानं, "आला. गरम आला. लागला!"

"दोन्ही?"

"जातो ना तिकडं. पाय उचलू नको."

तो डिकीच्या कडेनं चाचपडत उजव्या दिव्याकडे निघाला. दोन्ही लागलेत हे मला आरशात केव्हाचंच दिसलं होतं. मी ब्रेक तसाच दाबून धरला, त्याचा हात पोचेपर्यंत वाट बघितली आणि विचारलं, "लागला का रे?"